आलेला विचार आणि केलेला विचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेली दोन वर्षं तुम्ही रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसता. बैठकीत विचार येताना-जाताना बऱ्यापैकी दिसतात. पण उठून दिवस सुरू झाला की सगळं वाहून जातं, आणि थेट रात्री अंथरुणावर पाठ टेकल्यावर आठवतं की आज आपण सजग राहणार होतो. मग एक आठवडा हट्टाने दिवसभर विचारांवर नजर ठेवून पाहिलीत. कामात चुका झाल्या, कपाळ ठणकायला लागलं, आणि लोकांशी बोलताना आपण काचेपलीकडे उभे आहोत असं वाटलं. तर हे दिवसभर जमणं खरंच शक्य आहे का? आणि विचार नुसते पाहायचे, की थांबवायचे?

मी ही साधना एकोणीस वर्षं करतो आहे, त्यातली काही वर्षं इतरांना शिकवतोही आहे. तुमच्या सगळ्या तक्रारी माझ्याही होत्या, कपाळाच्या ठणक्यासकट. म्हणून आधी मुख्य उत्तर देऊन टाकतो. विचारांवर दिवसभर पहारा ठेवणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. तुम्ही स्वतःला नेमून दिलेलं कामच चुकीचं आहे. मग बरोबर काम कोणतं, ते सांगायला जरा वेळ लागेल.

आपल्या भाषेत एक सोय आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ‘मी विचार केला’ असं आपण म्हणतो आणि ‘मला विचार आला’ असंही म्हणतो. दोन्ही वाक्यं आपण सहज बोलून जातो, पण त्या दोन वेगळ्या घटना आहेत. उद्या किती वाजता निघायचं, कोणतं काम आधी उरकायचं, हे ठरवताना आपण विचार करतो. त्याला सुरुवात असते, उद्देश असतो, आणि निर्णय झाला की तो संपतो. उलट जिना उतरताना अचानक जुना अपमान आठवतो, त्याला आपण आज काय उत्तर दिलं असतं ते सुचतं, मग त्या माणसाचा चेहरा पडलेला दिसतो. हे कुणी केलं? कुणीच नाही. ते आलं. राग येतो, आठवण येते, झोप येते, तसाच विचारही येतो. व्याकरणाने आपल्याला कर्तेपणातून केव्हाच मोकळं केलंय. आपणच मागाहून ‘मी विचार करत होतो’ असं सांगून तो आपल्या नावावर चढवून घेतो.

हा फरक शब्दांचा खेळ म्हणून सांगत नाही. दिवसभराच्या साधनेत पहिली कामाची गोष्ट हीच आहे. केलेल्या विचारावर नजर ठेवायची गरज नसते. उलट ठेवली तर तो अडखळतो. तुमच्या कामात चुका झाल्या त्या त्यामुळेच. हिशेब जुळवणाऱ्या माणसाने एक डोळा आकड्यांवर आणि एक डोळा ‘मी आता आकड्यांचा विचार करतो आहे’ यावर ठेवला, तर दोन्ही जाणार. भान हवं ते आलेल्या विचाराचं, आणि तेही तो आपल्याला सोबत घेऊन निघाला असेल तेव्हा.

असे आलेले विचार किती असतात? हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. २,२५० प्रौढांच्या फोनवर दिवसातून अवचित वेळी प्रश्न येत: आत्ता काय करता आहात, मन त्यातच आहे की दुसरीकडे, आणि बरं वाटतंय का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. शिकवताना मी हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येकाला वाटत असतं की आपलंच मन जास्त उनाड आहे. तसं काही नाही. मनाचं अर्धं आयुष्य फिरतीवरच जातं.

आता ‘सजगता’ या शब्दाकडे. बौद्धांच्या जुन्या पाली ग्रंथांत यासाठी ‘सति’ हा शब्द आहे, आणि तो म्हणजे संस्कृत ‘स्मृती’चंच पाली रूप. मूळ अर्थ आठवण. म्हणजे सजग असणं हे टक लावून बघत बसण्यापेक्षा आठवण असण्याच्या जास्त जवळचं आहे: मी इथे आहे, हे चाललंय, याची आठवण. आणि आठवण आपण ‘करत’ नाही, ती ‘येते’ किंवा ‘होते’. विसरलेली गोष्ट ठरल्या क्षणी आठवून दाखवा, असं कुणाला सांगता येत नाही. विचारात वाहून गेलेल्या माणसाला ‘भानावर ये’ म्हणणं म्हणजे घरात कुणी नसताना आतून कडी काढायला सांगण्यासारखं आहे. ज्याने ऐकायचं तोच बाहेर गेलेला आहे. म्हणून दिवसभराच्या सजगतेचा मधला भाग, म्हणजे भानावर येण्याचा तो क्षण, आपल्या हातात नसतो. तो येतो. आपल्या हातात दोनच टोकं असतात. तो क्षण आल्यावर त्याचं काय करायचं हे एक, आणि तो वारंवार यावा म्हणून आधी काय पेरून ठेवायचं हे दुसरं.

पहिलं टोक जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडेच जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून एक प्रसंग अगदी जवळून सांगतो. गेल्या महिन्यातली रात्र. मी भांडी घासत होतो. हातात एक पातेलं, नळ चालू. आणि एकदम लक्षात आलं की पातेलं केव्हाच स्वच्छ झालंय, तरी हात त्याच जागी गोल फिरतोय. दात एकमेकांवर घट्ट दाबलेले. श्वास वरच्या वर. मनात मी एका जुन्या सहकाऱ्याला चौथ्यांदा उत्तर देत होतो, आणि ते दर वेळी थोडं जास्त धारदार होत होतं. त्या सहकाऱ्याची शेवटची भेट होऊन अकरा वर्षं झाली आहेत.

इथपर्यंत सगळ्यांचंच असं होतं. पुढची दोन-तीन सेकंदं पाहा. लक्षात आल्या-आल्या मनात लगेच एक वाक्य उमटलं: “एकोणीस वर्षं झाली, अजून हेच.” हे वाक्य फार साळसूद असतं. ते विचारासारखं वाटत नाही, ते साधनेचाच भाग वाटतं, जागा झालेला मीच बोलतोय असं वाटतं. पण तोही आलेला विचारच आहे. पहिला सहकाऱ्याबद्दल होता, हा माझ्याबद्दल आहे, इतकंच. त्याची री ओढली की आणखी पाच मिनिटं स्वतःला झापण्यात जातात, आणि मग पातेल्यासमोर एकाऐवजी दोन भांडणं उभी राहतात.

या जागी माझी सगळ्यात जास्त वर्षं वाया गेली. मला वाटायचं, चूक पकडली की टोकायला हवं, म्हणजे मन शहाणं होईल. झालं उलटंच. लक्षात आलं की फटका बसतो हे मनाला कळलं, आणि मग ते लक्षात येणंच टाळायला लागलं. उशिरा घरी येणाऱ्या मुलाला दारातच बोलणी बसायला लागली की तो लवकर यायला लागत नाही, आणखी उशिरा येतो. त्याचप्रमाणे. आता मी त्या क्षणी एवढंच करतो: ‘आलो’ असं मनात म्हणतो, दात सैल सोडतो, एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ देतो आणि पाण्याचा हाताला होणारा स्पर्श घेतो. पातेलं बाजूला ठेवतो, पुढचं उचलतो. सहकारी पुन्हा येतो. येऊ दे. पुन्हा ‘आलो’.

भानावर आल्याचा आनंद वाटायला हवा, असं पुस्तकी सांगणं मला आवडत नाही. कारण आनंद ठरवून वाटत नाही. पण निदान दारात बोलणी तरी बसू नयेत.

आता दुसरं टोक, पेरणीचं. इथे लोक साधारणपणे घंटी लावतात, मीही लावली होती. दर तासाला फोन वाजायचा. पहिले चार दिवस छान गेले. दुसऱ्या आठवड्यात तो वाजला की मला चीड यायला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात मी तो बंद करायचो हे मला कळेनासंच झालं. अंगठा परस्पर काम उरकायचा. सजगतेची घंटी बेभानपणे बंद करणं, यापेक्षा जास्त विनोदी काय असणार? नंतर खिशात वही ठेवून दिवसात किती वेळा भानावर आलो याच्या रेघोट्या मारल्या. त्याचा स्कोअरबोर्ड झाला. संध्याकाळी तो वाढवण्यासाठी मी मुद्दाम चार-पाच वेळा ‘भानावर’ यायचो.

टिकलं ते फार साधं. दिवसात मुळातच असलेल्या जोडांच्या जागा धरायच्या. एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधली फट: दाराची कडी, नळ उघडणं, खुर्चीत बसणं, खुर्चीतून उठणं, फोन कानाला लावण्याआधीचा क्षण, जिन्याची पहिली पायरी. यातली एकच जागा निवडायची आणि मनाशी खूणगाठ बांधायची: ‘हात कडीला लागला की तळपाय जाणवून घ्यायचे.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धतीच्या संकल्पांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या ‘मी करणार’पेक्षा ते जास्त वेळा पार पडतात, कारण आठवण ठेवायचं ओझं मनावरून उतरून त्या प्रसंगावर पडतं. ‘आज दिवसभर सजग राहीन’ या संकल्पाला लटकायला खुंटीच नसते. कडी ही खुंटी आहे.

जोडाच्या जागी विचार शोधू नका, हे मुद्दाम सांगतो. तिथे शरीराकडे जा. तुमच्या कपाळाचा ठणका बहुतेक इथून आला असावा. विचार पाहायचा म्हणून लोक भुवया आवळतात आणि डोळ्यांमागे कुठेतरी जोर लावतात, जणू विचार बारीक अक्षरात छापलेला आहे. विचार असा शोधायला गेलं की सापडत नाही. पाहणारा येताच तो गप्प बसतो, आणि मग ‘आत्ता विचार येतोय का?’ हाच एक विचार उरतो. शरीराची गोष्ट वेगळी. ते लपवत नाही. मनात पुढच्या बोलण्याची तालीम चालू असेल तर जबडा सांगतो, काळजी असेल तर पोट सांगतं, घाई असेल तर खांदे कानांकडे गेलेले असतात. जीभही पाहा. मनातल्या मनात बोलताना ती बऱ्याचदा अगदी बारीक हलत असते, किंवा टाळूला ताणून धरलेली असते. ती खालच्या दातांमागे सैल सोडून पाहा. कित्येकदा वाक्य अर्ध्यावरच विरतं. हा कुठला मंत्र नाही, आणि दर वेळी चालतोच असंही नाही. पण मला याचा जेवढा उपयोग झाला तेवढा थोड्याच गोष्टींचा झाला.

शरीरापर्यंत पोहोचलात की विचार काय होता ते मागाहून आपोआप दिसतं. तिथे त्याला एका शब्दाचं नाव द्यायचं. ब्रह्मदेशातले भिक्षू महासी सयादॉ (१९०४–१९८२) यांनी ही नोंद घेण्याची पद्धत फार पद्धतशीरपणे शिकवली आणि तिथून ती जगभर पसरली. मन भटकलं तर ‘भटकणं’, ठरवत असलं तर ‘ठरवणं’, असं. वर्षानुवर्षं स्वतःला पाहिल्यावर माझी स्वतःची यादी पाच शब्दांवर आली आहे. ‘तालीम’ म्हणजे पुढे होणाऱ्या बोलण्याची. ‘रवंथ’, झालेलं पुन्हा चघळणं. ‘हिशेब’ म्हणजे कुणी माझ्यासाठी काय केलं नि मी कुणासाठी किती. ‘मनोराज्य’ सांगायला नको. आणि ‘कैफियत’, म्हणजे कुणीही आरोप केलेला नसताना मनातल्या न्यायाधीशापुढे चाललेला आपला बचाव. माझ्या मनाचा सगळ्यात मोठा धंदा हाच आहे, हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. तुमची यादी वेगळी असेल. शब्द आपले असावेत, आणि जरा थट्टेचे असले तर बरंच. ‘आली कैफियत’ असं म्हटल्यावर तिची ऐट थोडी कमी होते. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची हालचाल मंदावते, असं मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या चित्रणातून दाखवलं होतं. अर्थात नाव देणाराचा आतला स्वर पोलिसी असेल तर हा फायदा मिळत नाही, असा माझा अनुभव.

नाव न देता आख्खं वाक्य उघडून पाहावं, असे काही प्रसंग असतात. समजा दुपारी वरिष्ठांचा मेसेज आला: “जरा बोलायचंय, मोकळे झालात की फोन करा.” बस, एवढाच. पण वाचून होईपर्यंत पोटात खड्डा पडलेला असतो. माझ्या बाबतीत क्रम साधारण असा असतो. आधी पोट. मग एक चित्र: त्यांचा गंभीर चेहरा. मग वाक्य: “काहीतरी चुकलंय.” मग मागच्या आठवड्यातल्या कामांची झडती. मग, आणि हे फार चटकन होतं, “काहीतरी चुकलंय” यातला ‘काहीतरी’ गळून पडतो आणि ‘चुकलंय’ ही बातमी होऊन बसते. बोट फोनवर, आवाज आधीच बचावाचा.

इथे वाक्याच्या आधी पाच शब्द जोडायचे: ‘मला असा विचार आला की, काहीतरी चुकलंय.’ मोठ्याने नको, मनात. खरं-खोटं ठरवायचं नाही, कारण तशी माहितीच आपल्याकडे नाही. चुकलेलं असेलही. फक्त बातमी होऊ पाहणारं वाक्य पुन्हा विचाराच्या जागी ठेवायचं. झिन्डल सिगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी वारंवार नैराश्य येणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा जो सजगताधारित उपक्रम तयार केला, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे: विचाराचा मजकूर बदलत बसण्यापेक्षा विचाराशी असलेलं नातं बदलायचं. ‘मी कुचकामी आहे’ आणि ‘मी कुचकामी आहे असा विचार आला’ या दोन वाक्यांत राहून बघितलं तर फरक कळतो. दुसऱ्यात हलायला जागा असते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो: पाहायचे की थांबवायचे? नुसतं दाबून थांबत नाहीत, हे प्रयोगानेही दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजत राहिल्या. शिवाय नंतर अस्वलाचा विचार करायची मुभा दिल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा या लोकांना ते जास्त वेळा आठवलं. दाबलेलं उसळलं. त्यामुळे हल्ली ‘फक्त पाहा, काहीही करू नका’ हे सूत्र सर्रास दिलं जातं.

मला ते अर्धवट वाटतं. जुन्या ग्रंथांतही असं एकच एक सूत्र नाही. मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात विसावं सुत्त, म्हणजे प्रवचन, आहे, वितक्कसंठान नावाचं. छळणाऱ्या विचारांसाठी त्यात पाच उपाय एकामागून एक दिले आहेत. सुतार जसा बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो, तसा एक विचार दुसऱ्या चांगल्या विचाराने सारायचा. नाही जमलं तर त्या विचाराने काय नुकसान होतंय ते बघायचं. तरी नाही तर त्याकडे दुर्लक्ष करायचं, नको ते दिसल्यावर डोळे मिटावेत तसं. चौथा उपाय माझा लाडका आहे: वेगाने चालणाऱ्या माणसाला वाटावं, मी एवढा भरभर का चालतोय, हळू चालतो, मग हळू तरी का, उभा राहतो, उभा तरी का, बसतो, मग आडवाच होतो. विचाराला तशी एकेक पायरी खाली आणायची. आणि अगदी शेवटी, काहीच चाललं नाही तर, दातावर दात रोवून त्याला दाबायचं. दाबणं उपायांत आहे, पण सर्वांत शेवटी.

त्याच्या आधीच्या, एकोणिसाव्या सुत्तात गुराख्याची उपमा आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मला ती फार पटते. पावसाळ्याच्या अखेरीला शेतात पीक उभं असतं, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरांच्या मागे राहावं लागतं, नाही तर ती पिकात घुसतात. पुढे उन्हाळ्यात पीक निघून गेलं की तोच गुराखी झाडाखाली बसतो. तिकडे गुरं आहेत, एवढं भान त्याला पुरतं. गुरं तीच, गुराखी तोच. सुडाची तालीम रंगात आली असेल, हातून एखादा जळजळीत मेसेज जाणार असेल, रात्री दोन वाजता रवंथ झोप खात असेल, तेव्हा पीक उभं आहे. काठी उचला: उठून उभे राहा, दिवा लावा, मनात दुसरं काही आणा. बाकी दिवसाचा मोठा भाग उन्हाळ्याचा असतो. जिना चढताना सुचलेली फालतू गोष्ट, नळाखाली हात असताना आठवलेला कुणाचा तरी चेहरा, यांच्यामागे काठी घेऊन धावायचं कारण नाही. गुरं आहेत, इतपत ठाऊक असलं की पुरे. तुम्ही आठवडाभर भर उन्हाळ्यात काठी घेऊन पळत होतात. कपाळ ठणकणारच.

कामात बुडून गेला असाल, आणि काम चांगलं चाललं असेल, तर खुशाल बुडा. त्यात काही गैर नाही. रस्त्यावर गाडी चालवत असाल तर रस्ता हीच साधना, विचार पाहणं नंतर. माणसांशी बोलतानाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण काचेची तक्रार तिथलीच आहे.

साधनेच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी घरात फार शांत झालो होतो आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. एक दिवस बायको काहीतरी सांगत होती, मधेच थांबली आणि म्हणाली, “तू ऐकतोयस, का स्वतःला ऐकताना बघतोयस?” मला उत्तर देता आलं नाही. मी खरोखरच दुसरं करत होतो. मनात नोंदी चालल्या होत्या: ऐकणं, चीड, ऐकणं. त्या नोंदींत ती कुठेच नव्हती. साक्षीभावाच्या नावाखाली मी एक बरी लपायची जागा शोधली होती. हे अनेकांचं होतं, विशेषतः ज्यांना भावना मुळात अवघड जातात त्यांचं. त्यानंतर बोलताना मी आतल्या नोंदी बंद केल्या. लक्षाचा बहुतेक भाग समोरच्या माणसाकडे, त्याच्या आवाजाकडे. थोडा तळपायांकडे, जमीन जाणवेल इतकाच. भान हवं ते एकाच गोष्टीचं: समोरचा अजून बोलतोय आणि माझं उत्तर आतमध्ये तयार झालंय. तो क्षण ओळखता येतो. त्या वेळी जीभ हलते, छातीत श्वास भरून येतो. तेव्हा तो श्वास सोडून द्यायचा आणि ऐकत राहायचं. उत्तर हरवत नाही. हरवलंच तर बहुधा ते तितकंसं गरजेचं नव्हतं.

पण काचेपलीकडे असल्याची भावना साधना न करतानाही टिकून राहिली, आपण किंवा जग खोटं वाटायला लागलं, किंवा आत पाहिलं की जुना आघात उसळून वर येत असेल, तर विचार पाहणं थांबवा. श्वासावर लक्ष ठेवून बसणंही थोडे दिवस राहू द्या. डोळे उघडे ठेवून चालणं, हातांनी करायची कामं, माणसांत राहणं याकडे वळा आणि मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. ज्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा तपासायची सक्ती जाणवते त्यांनाही हेच सांगेन. ‘मी सजग आहे ना?’ ही त्यांच्यासाठी आणखी एक तपासणी होऊन बसते.

किती काळाने काय दिसतं, हेही लोक विचारतात. विचार कमी होतील अशी अपेक्षा ठेवू नका. माझे झाले असतील तर मला कळलेलं नाही. बदलतं ते अंतर. सुरुवातीला विचारात शिरणं आणि भानावर येणं यांच्यात अर्धा तास जायचा, कधी आख्खी दुपार. पुढे दहा मिनिटं, पुढे एखादं वाक्य. पण हे सरळ रेषेत होत नाही. आजारपण, जागरण, घरातलं भांडण, की अंतर पुन्हा पहिल्यासारखं. विचार उगवतानाच दिसणं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा आपण त्याला मधेच कुठेतरी गाठतो, आणि तेवढ्यावर काम भागतं. सकाळची बैठक मात्र सोडू नका. भटकणं, लक्षात येणं, परत येणं, हे वळण अर्ध्या तासात तिथे वीस-पंचवीस वेळा गिरवलं जातं, आणि दिवसभरात जे उमटतं ते तिथूनच येतं.

तर या आठवड्यात दिवसभराचा संकल्प सोडून द्या. एक कडी निवडा, रोज निदान पाच-सहा वेळा हात लागेल अशी. हात लागला की तळपाय, एक श्वास, मग दार उघडून पुढे. विचार दिसला तर नाव द्या, नाही दिसला तर शोधू नका. दार उघडून चार पावलं गेल्यावर आठवलं, तर मागे फिरून पुन्हा कडी धरायची नाही. जिथे आठवलं तिथेच तळपाय. तीन आठवडे ती जागा बदलू नका, कंटाळा आला तरी, आणि नंतर कसं झालं ते कळवा.